दोन कूलर

नागपुरात "कूलर आलाय" असं मोठ्याने ओरडायचं नसतं, निदान होळीनंतर तरी. मी ओरडले. पार्सलवाला खाली उभा, माझे हात कणकेत, म्हणून यांना सांगितलं की अहो माझा कूलर आलाय, वर घेऊन या. एवढंच. तर मी हात धुवून बाहेर येईपर्यंत आईंनी (म्हणजे सासूबाईंनी, मी आईच म्हणते) खिडकीतल्या कुंड्या उचलून बाजूला ठेवल्या होत्या, समोरच्या काकूंना गॅलरीतून हाक मारून झाली होती की तुमचा तो वेल्डिंगवाला पाठवा बरं स्टँड करायला, अन हे वर आले ते बुटाच्या खोक्याएवढा डबा एका हातात घेऊन. त्यातून निघाला नारळाएवढा ठोकळा, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पातळ पत्र्यांचा, त्यातून आरपार गेलेल्या चार तांब्याच्या नळ्या अन एक काळा पंखा. आईंनी तो उलटापालटा करून बघितला.

"याच्यात पाणी कुठून टाकते व?"

म्हटलं, आई, हा कॉम्प्युटरचा कूलर आहे. "कॉम्प्युटरले कायले पाह्यजे कूलर, तो का उन्हातून आला?" आता याला काय उत्तर द्यायचं, मी कणकेकडे परत गेले.

खरं सांगायचं तर तो उन्हातूनच आलेला असतो. आमचं घर मानेवाड्याला, वरचा मजला, स्लॅब दिवसभर तापतो अन रात्री बारापर्यंत ती उष्णता आपल्या डोक्यावर सोडत बसतो. माझ्या मशीनमधे रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर आहे, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी चिप, सहा कोअरचा, कागदावर ६५ वॅटचा. ६५ वॅट म्हणजे जुन्या पिवळ्या साठच्या बल्बएवढी उष्णता समजा, पण ती निघते अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून. बल्बला हात लावून बघितलाय ना लहानपणी? तर ती उष्णता उचलून पत्र्यांवर पसरवायची अन पंख्याने उडवून लावायची, हे त्या ठोकळ्याचं काम. यात एक पेच असा की असला कूलर कितीही महागाचा घ्या, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत जेवढं आहे त्याच्या वरच सगळा हिशोब. प्रोसेसरच्या डब्यासोबत फुकट आलेल्या छोट्या कूलरवर माझा प्रोसेसर पूर्ण कामाला लावला की खोलीपेक्षा पंचावन्न अंश वर जायचा. जानेवारीत खोली वीस, म्हणजे पंच्याहत्तर, छान. मेमधे खोली एकोणचाळीस, म्हणजे चौऱ्याण्णव, अन पंच्याण्णवला तो स्वतःच स्वतःचा वेग कमी करतो, जळू नये म्हणून. सॉफ्टवेअरमधे तो आकडा लाल होतो. पुण्या-बंगलोरची मंडळी व्हिडिओत सांगतात की ऐंशीच्या वर गेलं तर काळजी करा. ऐंशी आमच्याकडे एप्रिलमधे चहाच्या वेळेला असतं.

बाकी आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हाही प्रश्नच आहे म्हणा. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दाखवले होते, दिवसभर सगळ्यांच्या फोनवर तेच, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. मला अजिबात नवल वाटलं नाही. माझ्या मदरबोर्डवरचा (सगळे पार्ट ज्याच्यावर बसतात ती पाटी) एक सेन्सर कायम १२७ दाखवतो, कारण त्या जागी काही जोडलेलंच नाहीये. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सरळ मेन स्विच बंद केला होता, पंख्यासकट.

हा छंद कसा लागला ते लांबड लावत नाही. मी शाळेत गणित शिकवते, मशीन स्वतः जोडलंय, एकेक पार्ट गोळा करून. बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात, दुकानात जाते तेव्हा प्रश्न मी विचारते अन उत्तर यांना मिळतं. "सर, हा बोर्ड घेऊन जा, भाभीच्या टायपिंगला खूप झाला." हे बिचारे तिथे फक्त गाडी लावायला आलेले असतात, सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) म्हटलं तर त्यांना भिंतीतलं दिसतं. दोन-तीनदा ते म्हणाले तिलाच विचारा, पण दुकानदाराची मान काही वळत नाही, मग आता मी त्यांना गाडीपाशीच उभं ठेवते.

अन घरी विचारतात, पण तू त्याच्यावर करते काय? हा प्रश्न मला आवडत नाही कारण बरेचदा उत्तर असतं की काही नाही, आज ड्रायव्हर (म्हणजे एकेक पार्ट चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट केला, मग आवाज गेला, मग तो परत आणला. पूर्ण रविवार. संध्याकाळी मशीन जसं सकाळी होतं तसंच आहे अन मला मात्र काहीतरी कमावल्यासारखं वाटतंय. हे समजावून सांगता येत नाही. हे स्कूटर पुसत बसतात तेव्हा कोणी विचारतं का की जाऊन कुठे राह्यले?

पण यावर्षी माझ्याकडे काम होतं. आमच्या लग्नाची कॅसेट. मे २००२, व्हीएचएस, तीन तासांची, कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत. व्हीसीआर मिळवायला चार महिने गेले, जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणारी जपानी कंपनीसुद्धा जुलै २०१६ मधे थांबली, त्यामुळे नवा मिळायचा प्रश्नच नाही, शेवटी एका सहकारी बाईंच्या माळ्यावर सापडला. कॅसेट मशीनमधे उतरवणं सोपं, ती जेवढी तेवढा वेळ लागतो. नंतर ती साफ करायची, रेघा घालवायच्या, मुंग्या घालवायच्या, तिथे खरा कस. हिशोब करा, सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे पंचवीस सुटी चित्रं, तीन तास, म्हणजे २,७०,००० फ्रेम. सेकंदाला चार फ्रेम निघाल्या तर पावणेएकोणीस तास. अन प्रोसेसर तापून हळू झाला, सेकंदाला अडीचवर आला, की तीस तास. या तीस तासांत नागपुरात एकदाही लाईट जाणार नाही असं गृहीत धरणारा माणूस गणित शिकवायच्या लायकीचा नाही.

अन हे सगळं सुट्ट्यांतच करावं लागतं. विदर्भात शाळा जून संपता संपता उघडतात, उन्हामुळेच, म्हणजे मला मोकळा वेळ मिळतो तो बरोबर त्या दिवसांत जेव्हा मशीनला धाप लागलेली असते. २५ मेला नवतपा, म्हणजे उन्हाचे ते नऊ कडक दिवस, लागला की मी नुसतं बटन दाबायलाही बिचकते.

मग खोलीतला कूलर. वाटतं ना, लावला त्याच्यासमोर कॉम्प्युटर की संपलं? वाळ्याच्या ताट्या, टाकीभर पाणी, बाहेर ४५ असताना आत पंधरा अंश खाली आणतो तो, कोरड्या हवेत याला तोड नाही, एसीवाल्यांनी काहीही म्हणो. पण ती हवा ओली. बाहेरची धूळ ताट्यांतून थोडी गाळली जाते, थोडी येतेच, अन ओल्या हवेतली धूळ कॉम्प्युटरच्या पत्र्यांत उडत नाही, लिंपली जाते. शेणाने सारवल्यासारखी. एका वर्षी मी हौसेने झोताच्या बरोबर समोर टेबल ठेवलं तर महिन्याभरात कॉम्प्युटरच्या डब्याच्या जाळीवर पांढरट थर, पाण्यातला क्षार, तुषारांबरोबर आलेला. तेव्हापासून टेबल झोताच्या वीतभर बाहेर, म्हणजे मशीनला गार हवा मिळते अन मला मिळत नाही. त्यात कूलर अन कॉम्प्युटर दोघं विजेच्या एकाच बोर्डवर. कूलर सुरू झाला की दिवे एकदा मिचकतात अन माझा यूपीएस टुक करतो. तो यूपीएसही काय सांगू, आतली बॅटरी लेड-अ‍ॅसिडची, तापमान दहा अंश वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणजे आपल्याकडे दर दोन वर्षांनी तिची तेरवी.

आईंचं म्हणणं वेगळंच. "एका हातानं हीटर लावते, दुसऱ्या हातानं कूलर, अन बिल कोन भरते?" यात चूक शोधायला गेले तर सापडली नाही. मशीन जेवढी वीज खातं तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते.

तर नवा ठोकळा बसवायचा म्हणजे आधी जुना काढा, अन त्याआधी साफसफाई. गॅलरीत पेपर पसरला, सकाळी सहाला, ऊन यायच्या आत. पंख्याच्या पात्याला बोट लावून धरायचं अन मग ब्लोअर मारायचा, नाहीतर पंखा वेड्यासारखा फिरून बेअरिंगची वाट लागते. आतून निघालं ते पिंजलेल्या कापसासारखं, वाटीभर सहज, त्यात माझे केसही होते, अन कोथिंबिरीची एक वाळकी काडी होती, ती तिथे कशी गेली हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. प्रोसेसर अन कूलरच्या मधे उष्णता वाहून न्यायला पेस्ट लावतात, ती जुनी पेस्ट वाळून पापुद्रा झालेली. ती पुसायला आयसोप्रोपाईल अल्कोहोल लागतं, मेडिकलमधे मागितलं तर तो पोरगा चष्म्यावरून बघायला लागला, कशाला पाह्यजे मॅडम? म्हटलं बाबा पुसायला पाह्यजे. नशीब मी नागपूरची, माहेरी वर्ध्याला आख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी, तिथे बाईमाणसाने दुकानात अल्कोहोल शब्द काढायचा म्हणजे संध्याकाळपर्यंत माहेरच्या सगळ्या आत्यांना कळलं असतं. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, जास्त नाही. वर ठोकळा, चार स्क्रू, एकदम न पिळता तिरपे तिरपे, थोडे थोडे.

हे चालू असताना आई खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या अन परत विचारलं, मंग या नळ्या कायच्या? तेव्हा मला एकदम लक्षात आलं की त्यांचा पहिला प्रश्न बरोबर होता. त्या नळ्यांत पाणीच असतं! अगदी थोडं, कारखान्यातच आत घालून, हवा काढून, नळीचं तोंड कायमचं बंद केलेलं. प्रोसेसरच्या बाजूला ते तापून वाफ होतं, वाफ वर पत्र्यांकडे जाते, तिथे गार होऊन परत पाणी, परत खाली. म्हणजे आमच्या खिडकीतला जो करतो तेच, पाण्याची वाफ करून थंडावा, फक्त खिडकीतला ती वाफ खोलीत सोडून देतो अन हा जपून परत वापरतो. आईंना म्हटलं, आहे पाणी यात, आतच भरलेलं आहे. त्या म्हणाल्या, "मंग? मी का येडी हाव?" अन याच्यात बादल्या नाही लागत हे कळल्यावर खिडकीतल्याकडे जरा रागाने बघितलं.

फरक पडला. खोलीच्या वरच्या त्या पंचावन्न अंशांचे अडतीस झाले, म्हणजे भर मेमधेही सत्त्याहत्तर. मला आता मोठी ग्राफिक कार्ड वगैरे नकोत, किमती बघून तो विषय मी मनातून काढलाय. मला हवी आहे ती मेच्या सुट्टीत जानेवारी. आंबिया बहाराची संत्री संपत येतात, मृगाची यायची असतात, त्या मधल्या दिवसांत सकाळी पारा आठ-दहावर असतो, तेव्हा खिडकी उघडी टाकून मशीनचा वेग थोडा चढवून बघायचा, मांडीवर शाल, अन प्रोसेसर साठ. पण तेव्हा मी शाळेत असते, स्नेहसंमेलनाच्या तालमीत.

कॅसेट शेवटी रात्रीच केली. रोज रात्री एक वाजता सुरू, सकाळी सातला बंद, तुकड्या-तुकड्याने, चार रात्री. चित्र सुंदर आलं, आवाज मात्र ऐकवेना. कारण लग्न मेमधलं, मांडवात चार जंबो कूलर, अन कॅमेऱ्याचा माईक त्यातल्या एकाच्या तोंडाशी. मंगलाष्टकं कुठेतरी वादळाच्या पलीकडे चाललीत असं वाटायचं. यावर ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधे इलाज आहे, जिथे नुसताच गोंगाट आहे असा तुकडा निवडून त्याला ओळखायला लावायचं, मग तो सगळीकडून तेवढाच आवाज वजा करतो. नुसता गोंगाट सापडलाही, कॅमेरावाला जेवायला बसला अन कॅमेरा चालूच राहिला, पाच मिनिटं फक्त मांडवाचं कापड. त्याच्या शेवटी कुणीतरी बोललंय. कूलर वजा केला, अन आवाज नीट वर आला. बाबांचा. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली.

"अबे पाणी टाका न बे याच्यात कोनी! केव्हाचा सांगून राह्यलो!"

मी आईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, खुर्चीत टेकल्या, मी परत लावलं. त्यांनी तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकून माझ्याकडे वळल्या.

"कूलर कुठं गेला व?"

"काढला आई, मधे येत होता."

"लाव परत. त्याच्याच्यानंच तं वरडून राह्यले ते. असं कोनी आयकलं तं म्हनन, पोराच्या लग्नात हा मानूस उगाच लोकायच्या अंगावर धावते."

मी कंट्रोल झेड दाबलं.