हाताला काळं लागतं का

लॅबमधल्या मुलाचा फोन आला तेव्हा मी वजनकाट्यापाशी उभी होते. "मॅडम, जरा वर येता? मायक्रो बघून जा." मायक्रो म्हणजे मायक्रोस्कोपखाली दिसणारी धातूची आतली रचना. मी खरेदीत आहे. फाउंड्रीला लागणारं भंगार आणणं हे माझं काम. मला मायक्रोस्कोपपाशी बोलावतात तेव्हा कास्टिंग बिघडलेलं असतं आणि खापर मालावर फुटणार असतं, हे कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या अठरा वर्षांत पाठ झालंय.

डोळा लावला. चांगल्या बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा घासून पॉलिश करून बघितला, तर ग्रॅफाइट दिसतं ते ताटात शेवया विस्कटाव्यात तसं. काळ्या, वळणदार, टोकाला निमुळत्या रेघा. त्या दिवशी प्रत्येक रेघेला काटे फुटले होते. बारीक, सरळ, बाभळीच्या डहाळीला असतात तसे. याला विडमनस्टाटन ग्रॅफाइट म्हणतात. १८०८ साली ऑस्ट्रियातल्या विडमनस्टाटन नावाच्या माणसाने लोखंडी उल्केत आडव्यातिडव्या रेघांची नक्षी पाहिली होती, ते नाव फिरत फिरत आमच्या लॅबपर्यंत आलंय. करड्या बिडात असे काटे दिसले की पहिला संशय शिशावर.

माल होता ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं हाउसिंग, जाड भिंतींचं. ग्रेड एफजी २६०, म्हणजे टेन्साइल (ओढ सोसायची ताकद) निदान २६० मेगापास्कल यायला हवी. आली होती १९५. दोन दिवसांतल्या सहा हीट, म्हणजे भट्टीचे एकेक टनाचे सहा घाणे, सगळ्या तशाच. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या मशीनवर, शिसं मोजलं तर ०.००६ टक्के. आमच्या रोजच्या रिपोर्टमध्ये शिशाचा रकाना छापलाच जात नाही. मशीन मोजतं, पण कागदावर येत नाही. हे मी पूर्वी दोनदा लेखी मागितलं होतं.

०.००६ टक्के म्हणजे एका टनात साठ ग्रॅम. साठ ग्रॅम शिसं चहाच्या एका चमच्यात मावतं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, भंगाराची खरेदी म्हणजे भावाची घासाघीस. भाव दहा मिनिटांत ठरतो. उरलेला दिवस, काय काय आत येतंय हे शोधण्यात जातो. आमचा एक टनाचा चार्ज, म्हणजे भट्टीत टाकायचा माल, तेव्हा असा होता: साडेतीनशे किलो सीआरसी (कोल्ड रोल्ड) पोलादी पत्र्याचे बंडल, साडेतीनशे किलो आमचेच रनर-रायझर (कास्टिंगला चिकटून येणारे, कापून काढलेले तुकडे), दीडशे किलो बाजारातलं जुनं बीड आणि दीडशे किलो बोरिंगच्या ब्रिकेट, म्हणजे लेथवरचा चुरा दाबून केलेल्या वड्या. पिग आयर्न, म्हणजे खनिजापासून काढलेलं नवं लोखंड, आम्ही जवळजवळ बंद केलं होतं. जवळपास सगळं लोखंड दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वितळणारं, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे. पण खाणीतलं लोखंड आपला इतिहास बरोबर आणत नाही. भंगार आणतं. रंग, जस्त, तेल, बुश, कुणीतरी कधीतरी लावलेला सोल्डर, सगळं त्याच्याबरोबर भट्टीत उतरतं.

जुनं बीड आम्हाला भंगारवाले चाचा द्यायचे. मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून. त्यांच्या यार्डात सहा-सात बायका दिवसभर बसून माल निवडायच्या. पहिल्या वर्षी साहेबांनी मला त्यांच्याकडे आठ दिवस पाठवलं होतं, आणि मी जे काही शिकले ते त्या आठ दिवसांत. ग्राइंडरवर ठिणगी कशी उडते यावरून बीड की पोलाद हे ओळखायचं. शॉकअॅब्सॉर्बर, बंद नळी, बंद सिलिंडर कापून उघडल्याशिवाय गाडीत चढवायचं नाही, कारण आत अडकलेलं पाणी किंवा तेल भट्टीत गेलं की स्फोट होतो आणि समोर माणूस उभा असतो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाने लिलावात काढलेलं जुनं यंत्र भंगारात फोडलं गेलं, आतल्या कोबाल्ट-६० च्या किरणांनी माणसं भाजली, एक जण गेला. ती बातमी आल्यावर चाचांनी दवाखान्याचं भंगार घेणं कायमचं बंद केलं.

बोरिंग, म्हणजे लेथवर निघणारा बिडाचा चुरा, कसा बघायचा हेही त्यांनीच दाखवलं. मूठभर चुरा तळहातावर घेऊन अंगठ्याने रगडायचा. "हाताला काळं लागतंय का बघा. लागलं तर बीड. नाही लागलं तर पोलाद मिसळलंय." बिडातलं ग्रॅफाइट हाताला लागतं. पोलादात ते नसतं.

त्या दिवशी दुपारी मीटिंग बसली. क्वालिटीच्या साहेबांच्या हातात फोटो होता. चाचांच्या ढिगात जुन्या ऑइल इंजिनाचा एक बेअरिंग ब्लॉक सापडला होता आणि त्याच्या आत व्हाइट मेटलचं, म्हणजे बेअरिंगमध्ये ओततात त्या मऊ मिश्रधातूचं, अस्तर तसंच होतं. शिशावरचं व्हाइट मेटल म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त शिसंच. फळ्यावर हिशोब मांडला गेला. अस्तरात तीन-चारशे ग्रॅम, सहा हीटमध्ये मिळून साडेतीनशे ग्रॅम. आकडा जुळला आणि खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल झाले. माझेसुद्धा.

सापडलेला ब्लॉक ढिगात होता, भट्टीत गेलेला नव्हता. म्हणजे तसलाच आणखी एक आधी गेला असणार, असं धरलं गेलं. ठीक आहे, गेला असेल. पण एक ब्लॉक एकाच हीटमध्ये वितळतो. सहा हीटना सारखं शिसं यायचं तर सहा ब्लॉक हवेत, आणि तेही दर टनाला मोजून टाकल्यासारखे. एवढी साधी गोष्ट त्या खोलीत कुणी बोललं नाही. खोलीत भंगार हाताळलेली एकटी मीच होते.

मी सही केली. चाचांचा पुरवठादार कोड सिस्टीममध्ये बंद, आधीच्या दोन गाड्यांचं पेमेंट थांबवलं, वर नुकसानभरपाई म्हणून दोन लाख चाळीस हजारांची डेबिट नोट. त्यांना फोन मीच केला. ते म्हणाले, "ब्लॉक आमचाच असंल ताई. पोरींच्या नजरेतून सुटला. पण एका ब्लॉकनं सहा हीट?" मी म्हणाले, "चाचा, चौकशी चालू आहे." चौकशी बंद झाली होती.

त्यांच्या धंद्याचे ते दिवस आधीच ओढाताणीचे होते. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून भंगार घेतलं तर त्यावरचा जीएसटी घेणाऱ्याने स्वतःच्या खिशातून रोख भरायचा, आणि पुढे कंपनीला विकताना दोन टक्के टीडीएस कापला जातो. हातगाडीवाल्याची नोंदणी कुठली असणार? अठरा टक्के आधी भरायचे, मग क्रेडिट मिळायची वाट बघायची. बोगस बिलं रोखायला हा नियम आणला हे मला समजतं आणि ती बिलं मी डोळ्यांनी पाहिलीत. पण त्या फेऱ्यात पैसा अडकतो तो चाचांसारख्यांचा. त्यात आम्ही दोन गाड्यांचे पैसे धरून ठेवले.

आता ब्रिकेटचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथे आहे. आमच्या मोठ्या ग्राहकाच्या मशीनशॉपमध्ये आमचीच कास्टिंग मशीन होतात. त्यातून निघणारा चुरा ते प्रेसमध्ये दाबून, डब्यासारख्या गोल ब्रिकेट करून आम्हाला परत देतात. त्याच लोखंडाची पुन्हा कास्टिंग होतात. या कराराचा मसुदा मी केला होता. सेबीने २०२२-२३ पासून बाजारभांडवलाने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, त्यानंतर असा फिरता माल प्रत्येक ग्राहकाला हवासा झाला. प्रत्येक गाडीबरोबर प्रमाणपत्र यायचं. त्यावर लिहिलेलं असायचं: शंभर टक्के स्वतःच्या मशीनशॉपमधील बोरिंग. म्हणून त्या गाडीची तपासणी होत नसे. काट्यावरून थेट बिनमध्ये. तो नियमही मीच लिहिला होता.

चाचांचा माल बंद होऊन सोळा दिवस झाले आणि काटे पुन्हा दिसले. मेल्टिंगवाल्यांनी रेअर अर्थ असलेलं इनॉक्युलंट (ग्रॅफाइट नीट बनावं म्हणून वितळलेल्या लोखंडात टाकतात ते मिश्रण) वापरून वेळ मारून नेली. त्याने शिशाचा उपद्रव दबतो, पण खर्च वाढतो आणि शिसं आत राहतंच. क्वालिटीचं म्हणणं, जुन्या बिडाचा उरलेला ढीग असेल. ढीग तर मी स्वतः उचलायला लावला होता.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी जुने हीट रिपोर्ट काढून बसले. शिशाचा रकाना नाही, पण गंधकाचा आहे. एरवी ०.०७ च्या आसपास असणारं गंधक बिघडलेल्या हीटमध्ये ०.०८५ होतं. मर्यादेच्या आत, म्हणून कुणी बघितलं नाही. व्हाइट मेटलमधून गंधक येत नाही. शिसं आणि गंधक जोडीने येतात ते फ्री-कटिंग पोलादातून. लेथवर भराभर कापलं जावं म्हणून त्या पोलादात दोन्ही मुद्दाम घालतात.

सकाळी पहिल्या शिफ्टला यार्डात गेले आणि हातोड्याने एक ब्रिकेट फोडली. वरचा थर करडा, नेहमीसारखा. आतला चुरा तळहातावर घेऊन रगडला. काळं लागलं. पण रगडताना काहीतरी टोचत होतं. हात उन्हात धरला तर काळ्या भुकटीत बारीक चमकदार तुकडे, नखाच्या कातरणासारखे वाकडे. बिडाचा चुरा असा कधीच निघत नाही, तो भुगा होतो. साध्या पोलादाचीही लांब वेटोळी निघतात. फ्री-कटिंग पोलादाचे असे आखूड तुकडे पडतात. लोहचुंबक फिरवून उपयोग नव्हता, दोन्ही चिकटतं. पेपरवर पसरून चिमट्याने वेचले. आणखी चार ब्रिकेट फोडल्या. पाचव्या ब्रिकेटपर्यंत हात काळे झाले होते आणि मला रडू येत होतं.

वेचलेल्या तुकड्यांवर एक्सआरएफची, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारी, बंदूक धरली. शिसं ०.२५ टक्के. वजनाने ब्रिकेटचा जवळजवळ तिसरा हिस्सा ते तुकडे. दीडशे किलोत पन्नास किलो, त्यात सव्वाशे ग्रॅम शिसं. अर्धं वाफ होऊन जातं असं धरलं तर टनाला साठ ग्रॅम. फळ्यावरच्या हिशोबापेक्षा हा साधा होता, आणि दर हीटला सारखाच येणारा होता.

ग्राहकाच्या मशीनशॉपला गेलो तेव्हा दहा मिनिटांत उलगडा झाला. शेजारच्या शेडमध्ये त्यांनी हायड्रॉलिक फिटिंगची नवी लाइन टाकली होती. तिथला चुरा त्याच प्रेसमध्ये येत होता. कुणी लबाडी केली नव्हती. प्रमाणपत्रातला प्रत्येक शब्द त्यांच्या दृष्टीने खरा होता, चुरा त्यांच्याच मशीनशॉपचा होता. प्रेसवरच्या ऑपरेटरला दोन चुरे वेगळे असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. चाचांच्या यार्डातल्या कुठल्याही बाईने ते पहिल्या मुठीला ओळखलं असतं. त्या बायकांकडे प्रमाणपत्र नाही आणि आमच्या ऑडिटमध्ये त्यांच्या यार्डाला "असंघटित स्रोत, जोखीम जास्त" असा शेरा आहे. तो शेरा मला आता वाचायला नको वाटतो.

ग्राहकाने दोन प्रेस वेगळे केले. आमचं नुकसान आमच्याच खात्यात गेलं, ग्राहकाला डेबिट नोट कोण लावणार? पण चाचांची डेबिट नोट तशीच होती, कारण चौकशीच्या फॉर्मवर मूळ कारण "जुन्या बिडाचा पुरवठादार" असं लिहून तो बंद झाला होता आणि बंद झालेला फॉर्म उघडला तर ऑडिटरला उत्तर द्यावं लागतं. अकाउंट्स म्हणे क्वालिटीकडे जा, क्वालिटी म्हणे ब्लॉक तर सापडलाच होता ना. मला तीन महिने लागले. शेवटी मी लिहून दिलं की चुकीचा निष्कर्ष मान्य करणारी सही माझी आहे. तेव्हा पैसे सुटले.

पैसे जमा झाले त्या दिवशी मी त्यांच्या यार्डात गेले. निवडायला दोनच बायका होत्या. बीड फोडायची जागा एका प्लास्टिकवाल्याला भाड्याने दिलेली. चाचांनी चहा मागवला. मी सगळं सांगितलं, एकाच ब्लॉकच्या हिशोबाला मी गप्प बसले तेही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो ब्लॉक आमचाच हुता ताई. ती चूक आमचीच, ती तुमच्यावर घिऊ नका." आणि थोड्या वेळाने, "ब्रिकेट आता कोण फोडतंय?"

"मीच," म्हणाले.

"रोज?"

"गाडीमागे एक."

"एकीनं भागंल का?"

मी आता गाडीमागे तीन फोडते, वरची, मधली, तळातली. रिपोर्टमध्ये शिशाचा रकाना आला आहे. चाचांचा कोड पुन्हा सुरू झालाय, पाच टनांची ऑर्डरही काढली आहे. गाडी अजून आलेली नाही.