सेल्युलर जेल आणि आमचा सोमवार

आम्ही गेलो तेव्हा अंदमानचं सेल्युलर जेल सोमवारी बंद असायचं. ही एवढी साधी गोष्ट, पण आमच्या टूर एजंटने जेलदर्शन नेमकं सोमवारीच ठेवलं होतं.

त्र्याहत्तर वर्षांची आई पुण्याहून निघताना म्हणाली होती, "बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल, तात्याराव सावरकरांची कोठडी तेवढी दाखव." आणि आम्ही बंद फाटकासमोर उभे. मंगळवारी सकाळी हॅवलॉक बेटाची बोट, तिथून परतलो की दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. एजंट फोनवर म्हणतो, "सर, बाहेरूनही फोटो छान येतो!"

मग बोटीचं तिकीट दुपारचं करून घ्यायला गेलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, तिकीट एजंटच्या खात्यातून काढलंय, बदल तोच करणार. एजंट आता फोन उचलेना. पुन्हा रांगेत. यावेळी ओळखपत्रं मूळ हवीत, ती हॉटेलच्या कपाटात. (तुम्ही मात्र आधार कार्ड खिशातच ठेवा.) रिक्षाने जाऊन आणली, तर खिडकी जेवणासाठी बंद. आई बाकावर शांतपणे खारे दाणे खात होती, माझाच पारा चढलेला. शेवटी अडीच तासांनी, वरचे पैसे भरून, दुपारच्या बोटीत दोन जागा मिळाल्या. त्याही लांब लांब.

मंगळवारी उघडायच्या आधीच दारात हजर. सात इमारतींपैकी तीनच उरल्यात. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. थोरले भाऊ बाबाराव याच जेलमध्ये आहेत हे तात्यारावांना बरेच दिवस कळलंच नव्हतं, ते इथे उभं राहिल्यावर पटतं. कोठडी तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. गुडघे दुखत असतील तर वर आधी जा, संग्रहालय नंतर. आम्ही उलटं केलं.

कैद्यांना जुंपायचे त्या कोलूपाशी, म्हणजे तेलाच्या घाण्यापाशी, आईने विचारलं, "रोज तीस पौंड तेल म्हणजे किती रे?"

"साडेतेरा किलो."

"म्हणजे जवळजवळ अख्खा डबा!" पंधरा किलोचा डबा तिने आयुष्यभर घरात आणलेला. मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम मात्र या गोंधळात हुकला. आणि तिकिटाच्या फरकाचे पैसे एजंटने अजून दिलेले नाहीत. काल त्याचा मेसेज आला, "सर, रिव्ह्यू टाका ना."