चादरीच्या साइटला सर्टिफिकेट बसवताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलवाल्यांची वर्डप्रेस साइट मी नव्या उबुंटू सर्व्हरवर हलवली. पानं पुरवणारा वेब सर्व्हर एन्जिनएक्स; साइटची ओळख पटवून एचटीटीपीएस चालू करणारं सर्टिफिकेट ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेचं, म्हणजे फुकट. विकतच्या सर्टिफिकेटनं एन्क्रिप्शन जास्त पक्कं होत नाही, हे मालकांना आधीच सांगून टाकावं. नाहीतर ‘फुकटात काय मिळणार’ ही शंका राहते.

सर्टिफिकेट मागवणारा प्रोग्रॅम, सर्टबॉट, चालवला आणि डोमेन आपलंच असल्याची पडताळणी नापास. या पडताळणीत लेट्स एन्क्रिप्टचे सर्व्हर आपल्या डोमेनकडे पोर्ट ८० वरून एक छोटी फाइल मागतात. पोर्ट उघडं होतं, ऑफिसातून साइटही नीट दिसत होती. ‘डिग’ या कमांडनं डीएनएस (डोमेनचा पत्ता सांगणारी नोंदवही) तपासल्यावर उलगडलं: जुन्या पद्धतीच्या, आयपीव्ही४ पत्त्याचं ए रेकॉर्ड बदललं होतं, पण नव्या पद्धतीच्या, आयपीव्ही६ पत्त्याचं क्वाड-ए रेकॉर्ड जुन्याच सर्व्हरकडे बोट दाखवत होतं. ते असलं की लेट्स एन्क्रिप्ट आधी तिकडेच जातं. जुना सर्व्हर बंद असता, तर टाइमआउट होऊन गाडी आयपीव्ही४ वर आली असती. पण तो जिवंत होता आणि त्यानं सरळ ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, दिलं. आमच्या ऑफिसच्या लाइनला आयपीव्ही६ नाही, म्हणून मला काहीच दिसलं नाही. रेकॉर्ड काढलं, काम झालं. चाचण्या मात्र सर्टबॉटच्या ‘ड्राय रन’नंच, म्हणजे लुटुपुटूच्या फेरीनंच, कराव्यात. खऱ्या सर्व्हरवर एका नावासाठी तासात पाच वेळा नापास झालात की थांबावं लागतं.

दुसरा घोळ माझाच. एन्जिनएक्सचं कॉन्फिग हातानं लिहिताना ‘फुलचेन’ऐवजी ‘सर्ट’ नावाची फाइल दिली. तिच्यात फक्त साइटचं सर्टिफिकेट असतं, त्याला मूळ संस्थेशी जोडणारं मधलं नसतं. क्रोमला तक्रार नाही, कारण मधलं सर्टिफिकेट ब्राउझर स्वतः शोधून आणतो. पैसे मिळाल्याचं साइटला कळवणारा पेमेंट गेटवेचा सर्व्हर आणत नाही, आणि निरोप पोचत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे कटायचे आणि ऑर्डर ‘पेंडिंग’ राहायची. तपासायचं असेल तर ब्राउझर नको, ‘कर्ल’ ही कमांड वापरा.

मग मोराच्या नक्षीच्या चादरींचे फोटो. त्यांच्या लिंका डेटाबेसमध्ये एचटीटीपीच्याच होत्या, त्या एचटीटीपीएस करायच्या होत्या. इथे डेटाबेसवर साधं एसक्यूएल रिप्लेस (सरसकट शब्दबदल) चालवू नये. वर्डप्रेस काही सेटिंग्ज अक्षरांच्या मोजणीसकट साठवतं; ‘एस’ वाढला की मोजणी चुकते आणि विजेट गायब. वर्डप्रेसच्या कमांड-लाइन टूलचं, डब्ल्यूपी-सीएलआयचं, सर्च-रिप्लेस ही मोजणी सांभाळतं.

सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. सर्टबॉटचा टायमर दिवसातून दोनदा बघतो आणि साधारण ३० दिवस उरले की नवं आणतो. पण एन्जिनएक्स रीलोड होईपर्यंत मेमरीतलं जुनंच देत राहतं. डिस्कवर ताजं, ब्राउझरमध्ये शिळं. म्हणून नवं सर्टिफिकेट आलं की चालणाऱ्या सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये रीलोडची एक ओळ टाकली. मुदत संपत आल्याची मेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टनं जून २०२५ मध्ये बंद केलं आहे. त्यामुळे बाहेरच्या मशिनवर एक क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावला: एचटीटीपीएसच्या पोर्ट ४४३ वर मिळणाऱ्या सर्टिफिकेटची तारीख वाचायची, २० दिवसांहून कमी उरले तर मला मेसेज.