चंद्र हवा की तारे? दिवेआगर ते वेळास, मुक्काम तंबूत

अलिबागपासून खाली श्रीवर्धनपर्यंत आता जागोजागी वाडीच्या तोंडाशी ‘बीच कॅम्पिंग’चा फ्लेक्स दिसतो. फोटो सगळीकडे तेच. निळे-नारिंगी तंबू, रंगीत दिव्यांच्या माळा, शेकोटी आणि गिटार घेतलेला एक मुलगा, जो प्रत्यक्षात कुठेच नसतो. जेवण, बार्बेक्यू, म्युझिक सगळं ‘पॅकेज’मध्ये. खाली मोबाइल नंबर.

अशाच एका नंबरावर आम्ही मागे पैसे भरले होते. ठिकाण अलिबागच्या बाजूचं, नाव सांगत नाही. पोचलो तर आमच्या तंबूत नाशिकचं एक कुटुंब पाय पसरून बसलेलं. स्क्रीनशॉट त्यांच्याकडेही होता, आमच्याकडेही. मॅनेजर म्हणवणारा पोरगा घामाघूम झाला होता, कारण तेच तंबू तीन एजंट विकत होते आणि तिघांच्या याद्या तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. रात्री उशिरा जनरेटरच्या शेजारी आमच्यासाठी एक तंबू उभा राहिला. त्या पोरावर चिडून उपयोग नव्हता. कोणाला काय विकलंय हेच त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे यंदा दिवेआगरच्या एका वाडीत फोन लावला तेव्हा मी भांडायच्या तयारीतच होते. तारीख सांगितली. पलीकडून काका म्हणाले, ‘थांबा हं ताई, पंचांग बघतो.’ म्हटलं, आता मुहूर्त काढतात की काय!

‘त्या शनिवारी अष्टमी. आठ पाऊणे सहा. म्हणजे संध्याकाळी सहाला भरती. पोरांना खेळायला ओली वाळू उरायची नाही. पुढच्या शनिवारी पौर्णिमा आहे, सूर्य बुडताना ओहोटी. चालेल?’ आणि मग, ‘की तारे बघायचेत? तारे हवे असतील तर अमावास्येला या. पाण्याचं गणित तेच, फक्त चंद्र नसतो.’

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब कोकणातल्या दर्यावर्दींना आणि कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. घड्याळाच्या काट्यावर नेमका बसतोच असं नाही, पण अंदाजाला पुरतो. पाहुण्याला तारीख देताना तो वापरणारा माणूस मात्र मला पहिल्यांदाच भेटला. आम्ही चंद्र घेतला.

मग प्रश्नांची फैर. किती माणसं, मुलं केवढी? ‘गुडघे कोणाचे दुखतात का?’ (आईचे.) ‘मग त्यांना तंबू नको. वाकून आत-बाहेर करणं जमायचं नाही, पडवीत खाट टाकतो.’ उपास कोणाचा? मासे चालतात का, आणि काटे काढून द्यावे लागणारं कोणी आहे का? गाडीने येणार की एसटीने? शेवटी अर्धे पैसे आगाऊ, आणि ते संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत आले नाहीत तर तारीख मोकळी. फोन ठेवल्यावर एक व्हॉइस मेसेज आला: नकाशा तुम्हाला मागच्या गल्लीत नेईल, त्याचं ऐकू नका, देवळावरून डावीकडे वळा, जांभ्याचा गडगा संपला की फाटक. जायच्या आधीच तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं.

भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने मांडवा. ही बोट २०२० साली सुरू झाल्यापासून पनवेल-पेणच्या वाहतूक कोंडीची आठवण काढायचं आम्ही सोडून दिलंय. पुढे रेवदंड्याचा पूल, काशीद, मुरूड, आगरदांडा. तिथून दिघीची फेरी. खाडी ओलांडताना तोंडाशी जंजिरा दिसतो आणि सगळे एकाच बाजूच्या कठड्याला गर्दी करतात. दिघीला उतरल्यावर काकांना फोन करायचा असं ठरलं होतं. ‘उतरलात का? मग आता मासा तव्यावर टाकायला सांगतो.’ पोचलो तेव्हा खरंच ताटं मांडत होते. सोलकढी, तांदळाची भाकरी, बांगडा आणि आईसाठी कुळथाची पिठी. आधी चेक-इनचा फॉर्म, मग वेलकम ड्रिंक, मग खोलीची वाट बघत सोफ्यावर बसणं, यातलं काही नाही. आधार कार्डांचे फोटो त्यांच्या सूनबाईंनी जेवणं झाल्यावर घेतले.

वाडी पूर्वी पोफळींनी गच्च होती. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. ज्यांनी बघितलंय ते अजून तारखेनिशी बोलतात. नव्याने लावलेली पोफळ सुपारी धरायला पाच-सात वर्षं घेते, नारळाची वाटही तितकीच लांब. मधल्या वर्षांत करायचं काय? वाडीत ऊन पडायला लागलं होतं, जागा रिकामी होती, मुलगा पुण्याहून घरी आला होता. त्यातून सहा तंबू उभे राहिले. काकांना विचारलं तर म्हणतात, ‘हा धंदा नाही, रोपं मोठी होईपर्यंतची सोय.’ रोपं आता डोक्याच्या वर गेली आहेत आणि तंबू काही हलत नाहीत, हेही त्यांनीच हसत सांगितलं.

तंबू लावण्यातली अक्कल बघण्यासारखी होती. एकही तंबू माडाखाली नाही. नारळ सोडाच, सुकलेली झावळी वरून आली तरी तंबूचं कापड फाटतं आणि आतला माणूस जायबंदी होतो. फोटोत माडाखालचे तंबू छान दिसतात, एवढाच त्यांचा गुण. इथे चिऱ्याचे वीतभर उंच चौथरे केलेत, त्यावर तंबू, म्हणजे दवाची ओल खालून चढत नाही. दारं आडवी, उत्तर-दक्षिण. दिवसा खारे वारे समुद्रावरून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून, आणि दोन्ही वेळेला वारा खिडक्यांच्या जाळीतून आरपार जातो. पाचवीच्या भूगोलात पाठ केलेलं हे प्रकरण रात्री दीडच्या सुमाराला पायांना जाणवलं. पूर्वेला आंब्याचं मोठं झाड आहे, त्यामुळे सकाळी नऊपर्यंत आत ऊन येत नाही. ज्यांनी उघड्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, तंबूत झोप काढली आहे त्यांना याची किंमत कळेल. तिथे आठ वाजता माणूस उकडून बाहेर पडतो.

‘पण पुळणीवरच का नाही लावत? लोक तर तेच मागतात.’ मी विचारलं. काकांनी आधी कायदा सांगितला: २०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या सोयीसुद्धा भरतीरेषेपासून किमान १० मीटर लांब असाव्या लागतात, परवानग्या वेगळ्या. मग खरं कारण सांगितलं. वाळूत खुंट्या धरत नाहीत, गोणीत वाळू भरून ती पुरावी लागते, आणि पौर्णिमेच्या रात्री भरती किती वर येईल याची काळजी करत मालकालाच जागावं लागतं. ‘मला झोप लागते, म्हणून पाहुण्यांना लागते.’

संध्याकाळी ओहोटी लागली तेव्हा पुळण आरशासारखी पसरली होती. काकांचा मुलगा आमच्याबरोबर आला. मुलांना खेकड्यांनी बिळाबाहेर टाकलेल्या वाळूच्या गोळ्या दाखवल्या. पाण्यात घोट्याच्या पुढे मात्र कोणाला जाऊ दिलं नाही. उधाणाच्या दिवसांत ओहोटी ओढते, पोहणारालाही ओढते. एका काकांनी (आमच्यातल्याच) कुरकुर केली. त्यांना तो शांतपणे म्हणाला, ‘रागावा, पण उद्या सकाळी चहा प्यायला या.’

रात्री पोपटी. रायगडातला हिवाळा म्हणजे वालाच्या शेंगा, आणि ही त्यांची शेवटची खेप. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, परत शेंगा आणि तोंडाशी पाला दाबून बसवायचा. पाणी थेंबभरही नाही. मडकं उपडं ठेवून भोवती सुकं गवत, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ. काकांनी शेंगा सोलायला, पाला दाबायला आम्हालाच बसवलं. पुण्याच्या दोन आयटीतल्या मुली, ठाण्याचं एक जोडपं आणि आम्ही, अर्ध्या तासात एकमेकांच्या घरच्या चौकश्या करायला लागलो. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र होऊन लगेच उडतं, मग झालं. मडकं उघडल्यावर जो वास सुटतो त्याच्यापुढे बार्बेक्यूच्या काड्या म्हणजे पोरखेळ. गाण्याचा स्पीकर नव्हता, आणि कोणी मागितलाही नाही. दहानंतर वाडीत आवाज नको, हे फोनवरच सांगून झालं होतं.

मला खरा रस होता तो त्यांच्या वहीत. सूनबाईंनी दाखवली. लांब, निळ्या कापडी बांधणीची, दुकानदारांकडे असते तशी. डाव्या बाजूला तारीख आणि तिथी, पुढे सहा रकाने. हेच सगळं मोबाइलच्या कॅलेंडरवरही असतं, पण आधी वही, मग मोबाइल, हा क्रम मोडायचा नाही. सुरुवातीला त्यांनी सगळे तंबू दोन बुकिंग साइटवर टाकले होते. एका साइटवरचं बुकिंग दुसऱ्या साइटच्या कॅलेंडरवर उमटायला कधी काही तास लागतात, आणि लाँग वीकेंडला तेवढ्यात तोच तंबू परत विकला जातो. आता साइटवर फक्त दोन तंबू, तेही एकाच साइटवर. तीन तंबू फोनवर. सहावा शनिवार-रविवारी कोणालाच द्यायचा नाही.

‘कोणालाच?’

‘चेन तुटते, पोरगं रात्री आत ओकतं, कोणाची फेरी चुकते. तेव्हा तो उघडायचा. एक तंबू रिकामा राहिला तर त्याचे पैसे जातात. पाहुणा अंगणात बसून राहिला तर नाव जातं.’

रद्द करण्याचा नियमही साधा आहे. तुम्ही रद्द केलंत तर पैसे परत नाहीत, पण हंगामातली दुसरी तारीख मिळते. हवामान खात्याचा इशारा आला तर मात्र तेच फोन करून पूर्ण पैसे परत करतात. पावसाळ्यात तंबू घडी करून माळ्यावर. बऱ्याच नावांपुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. ‘गोडं जेवण’, म्हणजे शाकाहारी. ‘बाबांना रात्री उठावं लागतं, न्हाणीघराजवळचा तंबू.’ ‘मुलगी कुत्र्याला घाबरते.’ आमच्या नावापुढे होतं: ‘आई, गुडघे. भांडतील.’ सूनबाईंनी पान पटकन उलटलं, पण मी वाचलं होतं.

तक्रारी नाहीत असं नाही. न्हाणीघरं दोनच, सकाळी रांग लागते. कॉफी मागू नये. आणि काका बोलायला लागले की थांबवायचं कसं हे त्यांच्या घरच्यांनाही अजून जमलेलं नाही.

निघताना कोणी ‘पाच स्टार द्या’ म्हणालं नाही. बागमांडल्याहून फेरीने वेश्वी, तिथून बाणकोटवरून वेळास. नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण आता गर्दी होते ती कासवांमुळे. २००२च्या सुमारास सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. मादी वाळूत अंडी घालून जाते, ती कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी पडू नयेत म्हणून कुंपणातल्या जागेत हलवतात, आणि साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उघडून बघतात. असली तर सोडतात, नसली तर नाहीत. इथे तंबू नाहीत, घराघरांतून राहण्याची सोय, शाकाहारी जेवण. किनाऱ्यावर रात्री दिवे नकोत, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात.

आम्हाला संध्याकाळी काही दिसलं नाही. टोपली रिकामी. मुलं हिरमुसली. पण ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी बुकिंग घेतानाच हे तीनदा बजावलं होतं, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. रात्री त्या आमटी वाढत होत्या, फोन कानाला. पलीकडून मुंबईचं कोणीतरी पुढच्या शनिवारचं विचारत होतं, आणि पिल्लं निघाली नाहीत तर पैसे परत मिळतील का, हेही.

‘कासवांना विचारून सांगते,’ काकू म्हणाल्या. ‘तोवर हे सांगा, जेवायला कांदा-लसूण चालतो ना?’