एचएमएस केंट: खालच्या तोफा आणि भट्टीत गेलेल्या खुर्च्या

नागपूर समुद्रापासून लांब असलं, तरी कोराडी-खापरखेड्यामुळे बॉयलर आणि कोळसा इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. केंट या ब्रिटिश युद्धनौकेची गोष्टही बरीचशी कोळशाचीच आहे.

ही मॉनमथ वर्गातली चिलखती क्रूझर. पोर्ट्समथच्या गोदीतून 1901 मध्ये पाण्यात उतरली, 1903 मध्ये सेवेत आली. वजन सुमारे 9,800 टन, बेलव्हिल बॉयलर 31, ताकद 22,000 अश्वशक्ती, अपेक्षित वेग 23 नॉट, म्हणजे तासाला 23 सागरी मैल. या वर्गातल्या ज्या तीन जहाजांना चाचणीत तो वेग गाठता आला नाही, त्यांपैकी एक हीच. बाजूचं चिलखत मध्यभागी फक्त 4 इंच.

तोफा 6 इंची, एकूण 14. पुढे-मागे दोन बुरुजांत चार आणि बाकी दहा कडेच्या केसमेटमध्ये, म्हणजे चिलखती कोठड्यांत. बुरुजांतल्या जोडतोफा एकाच पाळण्यात, म्हणजे तोफ धरणाऱ्या चौकटीत, इतक्या दाटीने बसवलेल्या, की गोळे भरताना हात अडखळायचे. पण खरी चूक केसमेटमध्ये. दहापैकी सहा तोफा मुख्य डेकवर, पाण्याच्या अगदी जवळ. समुद्र शांत असेल तर एका बाजूला नऊ तोफा चालतात. खवळला की खालच्या तीन बाद, उरतात सहा. कागदावर 14 तोफांचं जहाज ऐन वादळात भलतंच हलकं ठरतं.

पहिल्या महायुद्धात, 1 नोव्हेंबर 1914 ला, चिलीजवळ कोरोनेलला हेच घडलं. समुद्र उसळलेला, केंटची सख्खी बहीण मॉनमथ जर्मन तोफांच्या माऱ्याखाली. अधमेल्या मॉनमथला शेवटचे गोळे घालून बुडवलं ते न्यूर्नबर्ग या जर्मन क्रूझरने. एकही माणूस वाचला नाही.

पाच आठवड्यांनी, 8 डिसेंबरला, फॉकलंडपाशी त्याच न्यूर्नबर्गच्या मागे केंट लागली. कोळसा पुरता भरून घेतलेला नव्हता, खलाशीही बरेचसे राखीव दलातले. मग खुर्च्या, शिड्या, दारं, जे लाकडी हाती लागलं ते फोडून भट्ट्यांत गेलं. वजनाला वजन धरलं तर लाकडाची उष्णता कोळशाहून कमीच. पण ते झटकन पेटतं, लांब ज्वाळा देतं. वाफेचा दाब तासाभरासाठी वर काढायला तेवढं पुरतं, दिवसभर मात्र नाही. चाचणीत नापास झालेलं जहाज त्या संध्याकाळी ठरलेल्या वेगाच्याही पुढे गेलं. पलीकडे ताणाखाली न्यूर्नबर्गचे दोन बॉयलर फुटले आणि पाठलाग तिथेच निकालात निघाला. संध्याकाळी 7:27 ला न्यूर्नबर्ग बुडाली.

केंटला तीसहून अधिक गोळे लागले. न्यूर्नबर्गच्या 10.5 सेंटिमीटरच्या तोफांना ते 4 इंची चिलखत पुरून उरलं. मॉनमथसमोर 21 सेंटिमीटरच्या तोफाही होत्या, हा फरक विसरू नये. तरी एक गोळा जीवघेणा ठरला असता. तो केसमेटमध्ये फुटला, बाहेर काढून ठेवलेला कॉर्डाइट, म्हणजे तोफेची दारू, पेटला आणि ज्वाळा दारूगोळा वर ओढायच्या नळीतून खालच्या वाटेत उतरली. सार्जंट चार्ल्स मेयसने तिथली कॉर्डाइटची पिशवी उचलून दूर फेकली आणि जागेत पाणी सोडलं. नळीला ज्वाळा अडवणारी झडप नसली की काय होतं, ते दीड वर्षाने जटलंडच्या सागरी लढाईत ब्रिटिशांनी फार मोठी किंमत मोजून पाहिलं.

मार्च 1915 मध्ये ड्रेस्डेन या जर्मन क्रूझरला गाठतानाही केंट होतीच. 1920 मध्ये हाँगकाँगला ती भंगारात विकली गेली.