तारांकित प्रश्न आणि आमदाराचं कसब

आज विधानसभेचं कामकाज ऐकताना पुन्हा जाणवलं, आमदाराचा कस भाषणापेक्षा तारांकित प्रश्नात लागतो. त्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं, वर उपप्रश्नांत पकडता येतं. अतारांकितला नुसतं लेखी उत्तर.

प्रश्न मोघम असला की 'हे खरे आहे काय?'वर 'अंशतः खरे आहे' एवढ्यावर बोळवण होते. गाव, योजना, तारीख, रक्कम नेमकी हवी. (तरी गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला, तर उपप्रश्न राहूनच जातात.)

कसबाइतकीच पक्षनिष्ठाही महत्त्वाची. सांगोल्याचे गणपतराव देशमुख 11 वेळा विधानसभेवर निवडून आले. 1972 आणि 1995 ला हरले, पण शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) सोडला नाही. तिकीट मिळेल त्या पक्षात जाण्याच्या या दिवसांत असा आमदार सापडणं कठीणच.