आमची वाटचाल: चाटी गल्लीतलं दुकान आणि गाडीबंदी

आजोबांनी चाटी गल्लीजवळ चादर-टॉवेलचं दुकान काढलं तेव्हा सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते. पगार झाला की कामगार चालत पेठेत यायचे. गिरण्या बंद पडल्या, वडिलांच्या काळात गिऱ्हाईक बदललं. अक्कलकोट, मंगळवेढा, पलीकडे कर्नाटकातल्या इंडी-आळंदपासून माणसं जीप करून लग्नाच्या बस्त्याला येऊ लागली. आमचं घर खरं उभं राहिलं ते या बस्त्यावर.

गाडीचे निर्बंध एका दिवसात आले नाहीत. कुठे रस्ता एकेरी झाला, कुठे सम-विषम तारखेचं पार्किंग आलं, जड वाहनांना दिवसा शहरात बंदी आली. ती बंदी हवीच होती. या अरुंद रस्त्यांवर अवजड गाड्यांखाली माणसं गेली आहेत, त्यापुढे धंदा मोठा नाही. पण बस्ता करायला आलेली माणसं उभ्या-उभ्या खरेदी करत नाहीत. गादीवर बसून मानपानाच्या चादरी वेगळ्या काढतात, आहेराचे टॉवेल मोजतात, मामाला काय द्यायचं यावर तासभर बोलतात. एकदा हे असं रंगात आलेलं असताना ड्रायव्हरचा फोन आला, जीप उचलून नेली म्हणून. सगळे उठले. निवडलेला ढीग गादीवर तसाच राहिला. पुढच्या लग्नाचा बस्ता त्या घराने गावाबाहेरच्या मोठ्या दालनात केला, कारण तिथे दारात गाडी लागते.

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत, मात्र उलटं दिसतं. संक्रांतीला हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या, निघतात, मिरवणुकीच्या वाटेवर गाड्या बंद असतात आणि रस्ते माणसांनी भरलेले असतात. त्या दिवसांत आमच्याकडे सुटे नग विकले जातात: एक सिंगल चादर, दोन टॉवेल, पिशवीत मावेल तेवढं. गठ्ठा कोणी उचलत नाही. पायी माणूस भरपूर येतो, पण हाताला पेलेल तेवढंच घेतो, हे तिथे नीट कळलं. तेव्हापासून आम्ही विक्री आणि वाहतूक वेगळी केली.

आता बस्ता ठरला की गिऱ्हाइकाने रिकाम्या हाताने जायचं. आमचा हमाल हातगाडीवरून गठ्ठे त्यांच्या जीपपर्यंत नाहीतर एसटी स्टँडवर पोचवतो, त्याचे पैसे आम्ही देतो. जीप कुठे लावायची ते आदल्या दिवशी फोनवर सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून येणारा माल छोट्या टेम्पोने सकाळी दुकानं उघडायच्या आत उतरवून घेतो. यात खर्च वाढला, हमालांना पहाटे यावं लागतं, त्यांची मजुरीही वाढवावी लागली आणि ती वाढवायलाच हवी होती. गेलेल्यांपैकी काही घरं परत आली, सगळी नाही.

शहराचं नाव २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आलं, रस्ते खोदले गेले, तेही आम्ही सोसलं. आम्हा दुकानदारांचं मागणं एवढंच आहे की माल उतरवायची सकाळची वेळ कायमची ठरवून द्या, बाहेरगावच्या गाड्यांना पेठेपासून चालत जाता येईल असा तळ द्या, तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह असू द्या, आणि रस्ता बंद करणार असाल तर लग्नसराईच्या आधी सांगा. बस्त्याची तारीख लोक महिनाभर आधी धरतात.